जमिनीवर शंभरच

परवा कोल्हापूरहून मुंबईला जाताना वैमानिकानं सांगितलं, समोरून वारा आहे, थोडा उशीर होईल. शेजारच्या बाईंनी नुसतं घड्याळ बघितलं. मी मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी जाऊन बसले.

ह्यांच्या डोक्याला जबर मार लागला होता. डॉक्टर म्हणाले, मुंबईला हलवा. ओळखीच्या एका कारखानदारानं आपलं छोटं विमान दिलं. आत पेट्रोलचा आणि स्पिरिटचा वास कोंडला होता. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, श्वास अडखळत चाललेला. खाली बघावं तर मघाचीच टेकडी, मागं सरायलाच तयार नाही.

"अवो, जरा जोरात न्या की!" मी वैमानिकावर ओरडले.

"वहिनी, काटा बघा. हवेतनं दीडशे मैलांनी चाललंय. पण ती हवाच पन्नासनं उलटी येतीया. जमिनीवर शंभरच पडत्यात." मला तेव्हा वाटलं, हा खोटं बोलतोय.

मुंबई दिसायच्या आधीच ह्यांचा श्वास थांबला.

त्याच दुपारी ह्यांना घेऊन परत निघालो. आता वारा मागून ढकलत होता. टेकड्या भराभर मागं पडल्या आणि बघता बघता पंचगंगा दिसली. धावपट्टीपाशी माझे दीर दोन्ही पोरांना घेऊन उभे असणार होते. पोरांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

"जरा हळू घ्या की," मी म्हणाले.

उतरायच्या आधी त्यानं गावावरून एक फेरी जास्तीची मारली. खाली माझी धाकटी दोन्ही हात हलवत होती.