एकाच चॅनेलवर

बोरिवलीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी रेडिओ शिकवते, पण गोराईच्या आमच्या घरातल्या वायरलेस संचाला मला कुणी हात लावू देत नाही. तो पप्पांचा. छपरावर उंच अँटेना, खाली खुर्ची आणि खुर्चीत पप्पा. गावातल्या ज्या बोटी मासेमारीला गेलेल्या असतील, त्यांच्याशी ते दिवसभर बोलत असतात.

त्या दुपारी माझा धाकटा भाऊ आमची बोट घेऊन बाहेर होता. वारा अचानक सुटला. बाकीच्या बोटी खाडीच्या तोंडाशी परतल्या, आमची आली नाही. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, आधार तो एवढा वायरलेसचा. मम्मीचा फोन आला तशी लेक्चर टाकून मी घरी पोहोचले तेव्हा पप्पा माइकमध्ये ओरडत होते, "कुठं हायस? बोल रे, कुठं हायस?" ते थांबले की परतलेल्या बोटींपैकी कुणी ना कुणी बटण दाबून तेच विचारायचं. सगळे जिवाभावाचे, सगळ्यांनाच त्याची काळजी. मला मात्र एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

कारण दोन बोटींच्या बोलण्यामधल्या फटीत मी त्याचा आवाज ऐकला होता. "...इंजिन..." एवढाच. लगेच कुणीतरी बटण दाबलं आणि भाऊ गायब.

आवाज रेडिओवरून पाठवायचा तर तो एका रेडिओ-लाटेवर चढवावा लागतो. त्यालाच मॉड्युलेशन म्हणतात. एक रीत अशी, की आवाजाप्रमाणे लाटेची उंची कमीजास्त करायची. विमानवाले अजून तीच वापरतात. त्यात दोघे एकदम बोलले तर कर्कश किंचाळी येते, पण दुसरं कुणी बोलतंय हे निदान कळतं. आमच्या बोटींवर असतं ते एफएम. त्यात लाटेची उंची तीच राहते, आवाजाप्रमाणे लाटा दाट-विरळ होतात. ऐकायला एकदम स्वच्छ. पण एकाच चॅनेलवर दोघे बोलले, की ज्याचा जोर जास्त त्यालाच संच धरतो आणि दुसऱ्याला असा गाडतो की तो बोलत होता याचा मागमूस राहत नाही. खाडीच्या तोंडावरच्या बोटी जवळच्या, माझा भाऊ लांबचा. शिवाय पप्पा बटण दाबून बोलत, तेवढा वेळ आमचा संच बहिराच. वर्गात मी हे एफएमचा फायदा म्हणून शिकवते: नको असलेला आवाज दबतो. कोणता आवाज नको, हे संचाला कोण सांगणार?

"पप्पा, बटण सोड. तो बोलतोय."

"कुठं बोलतोय? मला काय पण आयकू येत नाय."

"तुम्ही सगळे गप बसलात तर येईल ना!"

इंजिन बंद म्हणजे बॅटरी चार्ज होत नव्हती, आणि बोलताना संच बॅटरी खातो. मी माइक हिसकावला. "सगळे गप बसा. कुणीही बटण दाबू नका. तो बोलतोय, तुमच्यामुळे ऐकू येत नाहीये."

"हो ताय, गप बसतो."

"आमी पण गप."

"मागच्या बोटीला पण सांगू का?"

गप बसत असल्याचं प्रत्येकाने बटण दाबून कळवलं. संतापाने मला रडू फुटायचं बाकी होतं.

मग नुसती खरखर. मम्मी दारात रोझरीची जपमाळ धरून उभी होती, तिचेही ओठ थांबले होते. आणि अगदी बारीक आवाज आला, "पप्पा? आयकतोस का? बॅटरी चाललीय. पप्पा?"

पप्पांनी माइक ओढून घेतला. अंगठा बटणावर पडायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं.

"ओ देऊ दे गं मला!"

"नको. त्याने अजून जागा सांगितली नाही. तू बोलत असताना तो आकडे सांगून मोकळा झाला तर?"

ते जोर लावत होते, मीही लावत होते. संचातून भाऊ म्हणाला, "मम्मीला किनाऱ्यावर आणू नका." मग थोडा वेळ काही नाही. मग, "सगळे गप का झालात? बरं. परत एकदा सांगतो." त्याने जीपीएसवरचे आकडे सावकाश वाचले. मी ते कॅलेंडरच्या पानावर उतरवले. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

मी मनगट सोडलं. पप्पांनी आकडे बोटींना सांगितले आणि त्यातल्या दोन बोटी तसल्या वाऱ्यात परत फिरल्या. ज्यांच्या कानाखाली द्यायची होती, तेच ते.

दिवेलागणीला त्यांनी आमची बोट दोर बांधून ओढत आणली. भाऊ भिजल्या कपड्यांनीच जेवायला बसला. "तुमी ओरडत होतात तेवा मला सगळं आयकू येत होतं," तो म्हणाला. "ताय गप बसा म्हणाली तेवा मीच बटण दाबून बोलत होतो, ते तेवढं आयकलं नाय. गप झालात तेवाच घाबरलो. वाटलं, सोडलं मला."

पप्पांनी ताट बाजूला सारलं. "पोर हाका मारीत होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि मी समोर बसून ओ दिली नाय."

मी बरोबर होते. तरी मीही ताट बाजूला सारलं.