बाराचे आठ

छापखान्यात त्यांना सगळे घातबाई म्हणत. गणिताच्या पुस्तकांची प्रुफं त्याच वाचायच्या. अक्षराच्या डोक्यावर बसलेले बारीक घातांक दुसऱ्या कुणाच्या नजरेला नीट दिसायचेच नाहीत. "बाई, आज कुणाचा घात?" हा यंत्रचालकाचा विनोद एकतीस वर्षांत बदलला नव्हता. त्या दरवेळी हसायच्या. न हसायलाही अंगात बळ लागतं.

एका दुपारी संपादकाने टेबलावर पत्र ठेवलं. नववीतल्या मुलीचं होतं. पद सोपं करायचं होतं: कंसात सोळा गुणिले एक्सचा चौथा घात, आणि कंसाचा तीन-चतुर्थांश घात. मुलीचं उत्तर आठ एक्स-घन. पुस्तकातलं बारा एक्स-घन. सरांनी पुस्तक प्रमाण मानून तिचं उत्तर खोडलं होतं.

बाईंनी मांडून पाहिलं. छेदातला चार म्हणजे चौथं मूळ, सोळाचं दोन. अंशातला तीन म्हणजे घन; दोनाचे आठ. लेखकाने सोळाला सरळ तीन-चतुर्थांशाने गुणून टाकलं होतं.

"चूक लेखकाची," संपादक म्हणाला. "तुमचं काम हस्तलिखिताशी ताडायचं."

"दरवेळी गणितं सोडवून बघते मी. हे पान मात्र नुसतंच ताडलं."

नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणातलं ते पान. इस्पितळाच्या बाकावर, मांडीवर प्रुफं घेऊन वाचलेलं.

"पुढच्या आवृत्तीत बघू."

"तोवर किती पोरांचे आठ खोडायचे?"

संपादकाने मान खाजवली. "शुद्धिपत्र काढतो. पण चिकटवायला माणूस नाही."

"मी आहे ना."

शुद्धिपत्राच्या पहिल्याच नमुन्यात डोक्यावरचा तीन घसरून खाली आला होता. बाईंनी तो पुन्हा वर चढवून घेतला. मग चार दिवस गोदामात खळीचा डबा घेऊन उरलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. कंबरेचा काटा ढिला झाला. मुलीला त्यांनी लिहिलं, "तुझं उत्तर बरोबर. चूक माझ्या नजरेतून सुटली." पुढे 'दमले होते' लिहिलं आणि खोडलं.

मुलीचं उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी तिच्या सरांच्या दोन ओळी आल्या: गुण दिले, धडा वर्गात पुन्हा घेतला.

बाईंनी ते पत्र संपादकापुढे सरकवलं आणि शनिवारची रजा मागितली. त्याने कारण विचारलं नाही. शनिवारी त्या दुपारपर्यंत झोपल्या. सोबत राहणाऱ्या बहिणीने दोनदा दारातून डोकावलं, पण उठवलं नाही.