किल्ला नसलेल्या देशातले किल्लेदार

किल्लेदारांना डोंगराचं नुसतं चित्र दाखवलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वर पाणी आहे का?" सिडनीच्या वेंटवर्थव्हिल भागातल्या आमच्या घरात भिंतीवर स्वित्झर्लंडचं एक कॅलेंडर होतं. बर्फाने गच्च भरलेला डोंगर. चहाचा कप हातात धरून त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवत म्हणाले, "उन्हाळ्यात वांधे होणार." तट, बुरूज, तोफा सगळं नंतर. किल्ला पाण्यावर जगतो, हे त्यांचं ब्रीद, आणि ते ऐकलं नाही असा मराठी माणूस त्या काळच्या सिडनीत शोधून सापडला नसता. अर्थात त्या काळी सिडनीत मराठी माणूसच शोधावा लागे.

खरं नाव अंतोन. वसईचे. रेल्वेत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी, पण त्या नावाने त्यांना फक्त बायको आणि चर्चमधले फादर हाक मारत. बाकी सगळ्यांचे ते किल्लेदार. त्यांचं बालपण वसईच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर गेलं होतं. "आमचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, चिमाजीअप्पांनी जिंकला, इंग्रजांनी पळवला. बकऱ्या मात्र कायम आमच्याच चरल्या," असं ते सांगत. तरुणपणी रविवारची पहाटेची मिस्सा झाली की पाठीला पिशवी लावून हा माणूस सह्याद्रीत पसार. आम्ही पुण्याचे. शिवाजी महाराजांचा इतिहास म्हणजे आपल्या घरची मालमत्ता, अशा समजुतीत वाढलेले. तो आम्हाला वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ ऑस्ट्रेलियात येऊन शिकवत होते, आणि आमच्या चुका काढत होते.

अशा माणसाच्या नशिबात ऑस्ट्रेलिया यावा, हा दैवाचा विनोद. एवढा मोठा देश, पण किल्ला म्हणून नाही. सिडनीच्या बंदरात पाण्यातल्या खडकावर इंग्रजांनी बांधलेला एक बुटका बुरूज आहे. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात किल्लेदार तो बघून आले. "याला किल्ला म्हणतात?" ते माझ्या नवऱ्याला, सुधीरला, म्हणाले. "आमच्या वसईत याच्याहून मोठी विहीर आहे." त्यांची लेक लिंडा तेव्हा शाळेत होती. ते तिला दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या खडकापुढे उभं करून इथे दरवाजा कसा बांधता आला असता ते सांगत. ती बिचारी म्हणे, "डॅड, इट्स जस्ट अ रॉक."

त्यांचा एक नियम होता आणि तो देवाच्या आज्ञेइतका पक्का होता. गड पायी चढायचा. गाडीने वर गेलेल्याने गड पाहिला असं म्हणायचं नाही. सुधीर एकदा गप्पांच्या भरात बोलून गेला की सिंहगड आपण चारदा पाहिलाय, मित्राच्या जीपमधून. किल्लेदारांनी शांतपणे खारा दाणा तोंडात टाकला. "मग तू सिंहगड पाहिला नाहीस. तू पार्किंग पाहिलंस." पुण्याच्या माणसाला सिंहगडाबद्दल असं बोलणं म्हणजे काय, हे पुण्याचाच माणूस जाणे. सुधीर आठवडाभर धुसफुसत होता.

मोनिकावहिनी म्हणजे त्यांची बायको. नर्स होत्या, त्यांच्याच नोकरीमुळे हे कुटुंब इथे आलं. वहिनींना किल्ल्यांचं सोयरसुतक नव्हतं. "लग्नानंतर लोक माथेरानला जातात," त्या सांगत, "मला याने राजमाचीला नेलं. एक पाय नव्या सँडलमध्ये, एक शेणात." तरी प्रत्येक भटकंतीला त्या यायच्या. थर्मास, विणकाम आणि मलमपट्टीची डबी घेऊन पहिल्या सावलीच्या झाडाखाली बसायच्या आणि नवरा दगडांना भेटून येईपर्यंत एक बाही पुरी करायच्या. किल्लेदार परत येऊन उत्साहाने सांगू लागले की त्या म्हणत, "हो का? पाणी पी." आणि पुढचा टाका घालत.

मग एकदा किल्लेदारांची दाढ दुखली. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यांनी एक जुनं मासिक उघडलं, आणि त्यात पेरू देशातल्या इंका लोकांचं ते डोंगरावरचं उजाड शहर होतं. दाढ तशीच ठेवून ते थेट आमच्या दारात. "नीला, हे बघ! तिन्ही बाजूंनी कडा, खाली नदीचा वेढा, वर दगडी बांधकाम. आणि खाली काय छापलंय, तर शहर! अरे, शहर असं असतं का? हा किल्ला आहे!" पाणी कुठून आणलं असेल, या विचाराने त्यांना महिनाभर झोप नव्हती. गाईडबरोबर डोंगरातून काही दिवस चालत तिथे नेणारी एक कंपनी त्यांनी शोधून काढली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका हिवाळ्यात आम्ही चौघं, ते दोघं आणि आम्ही दोघं, निघायचं ठरवलं. आम्ही कधी हो म्हणालो ते मला आजही आठवत नाही.

सरावाला आम्हाला सिडनीजवळच्या ब्ल्यू माउंटन्समध्ये नेण्यात आलं. पाठीवरच्या पिशवीत वजन म्हणून तांदळाच्या थैल्या. घोटाळा असा, की ब्ल्यू माउंटन्स हे उलटे डोंगर आहेत. गाडी माथ्यावर लागते, आधी दरीत उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. किल्लेदार पुढे आणि आम्ही मागे. ते दर वळणावर ओरडत, "छान! उतारावर तुम्ही तयार झालात!" सुधीर म्हणाला, "अहो, पण तिथे आधी चढ आहे ना?" "गड चढला की उतरावा लागतोच," किल्लेदार म्हणाले. "त्याची तयारी झाली. अर्धं काम झालं." या हिशेबाने आम्ही पेरूला गेलो.

तिथला आमचा गाईड हुलिओ, कुस्को गावचा, गोड स्वभावाचा तरुण. पोर्तुगीजांनी वसईवर राज्य केलं एवढ्या भांडवलावर आपल्याला स्पॅनिश येईल, अशी किल्लेदारांची खात्री होती. त्यांनी पाव आणि मेज हे दोन शब्द टाकून पाहिले, ते चक्क लागू पडले, आणि त्यानंतर त्यांना कोणी आवरू शकलं नाही. हुलिओ सांगे, हे इंका राजाचं शहर असावं. किल्लेदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "मेट, लिसन. फोर्ट." हुलिओ म्हणे, "नो, सेन्योर." चालता चालता हा खटला दोन दिवस चालला. आमच्या तुकडीत काही ऑस्ट्रेलियन शाळामास्तरही होते, ते यावर पैजा लावू लागले होते. किल्लेदारांना एवढ्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. देवळाच्या रांगेत शेवटी आपला नंबर लागावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि मग ती उंच खिंड आली. या वाटेवरची सर्वांत उंच जागा. हवा इतकी विरळ की बूट बांधायला वाकलं तरी धाप लागे. आम्ही दोघं रडत-कढत, कोकाच्या पानांचा चहा पीत चाललो होतो, पण चाललो होतो. वहिनी तर मुंगीच्या पावलाने, न थांबता. कोलमडले ते किल्लेदार. आधी डोकं दुखू लागलं, ते त्यांनी लपवलं. मग ओकाऱ्या. मग ते एका दगडावर बसले आणि मला म्हणाले, "नीला, ही वसईची बस किती वाजता आहे?" वहिनींनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांचा रंग पाहिला आणि हुलिओकडे वळून म्हणाल्या, "खाली. आत्ता."

उंचीची बाधा उतरण्यानेच बरी होते. दुसरा उपाय नाही. म्हणजे आलेल्या वाटेने परत. हुलिओचा मदतनीस त्यांना घोड्यावरून खाली नेणार, तिथून आगगाडीने ते शहर ज्या डोंगरावर आहे त्याच्या पायथ्याच्या गावी, आणि आम्ही चालून तिथे पोचणार. वहिनी अर्थातच त्यांच्याबरोबर निघाल्या. तेव्हा त्या अर्धवट शुद्धीतल्या माणसाने त्यांचा हात घट्ट धरला. "मोना, तू जायचं. पुढे. दोघांपैकी एकाने तरी पाहिला पाहिजे." "मला काय कळतंय त्यातलं!" वहिनी म्हणाल्या. "पाणी बघ," ते म्हणाले. "फक्त पाणी बघून ये." वहिनींनी पुन्हा नाडी पाहिली. मदतनीसाला खुणांनी दहा सूचना दिल्या, त्याच त्याच पुन्हा दिल्या, आणि खालच्या वळणाआड घोडा दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग खिंडीकडे चालू लागल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग.

वाटेच्या शेवटी सूर्यदरवाजा नावाची एक दगडी वेस आहे, तिथून ते शहर पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळ्यांनी कॅमेरे काढले. एकट्या वहिनींनी हुलिओची बाही ओढली. "वॉटर. व्हेअर वॉटर?" त्यानंतर त्यांनी त्याला सोडलं नाही. चुना न लावता बसवलेले दगड हाताने चाचपून पाहिले. डोंगरातून खोदून आणलेला पाट, एकाखाली एक बांधलेली कुंडं, पायऱ्यांची शेतं, सगळं पाहिलं. राजमाचीपासून सावलीत बसलेली ती बाई त्या दिवशी सावलीला फिरकली नाही.

खाली पोचलो तर किल्लेदार गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात मानेपर्यंत बुडून, गुलाबी होऊन बसले होते. खाली उतरताच तब्येत सुधारली होती. "वज्रेश्वरीच आहे गं ही!" ते ओरडले. वहिनी कुंडाच्या काठावर मटकन बसल्या आणि आधी त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी वर जायचं. बस जाते." किल्लेदारांचा चेहरा पडला. "चालत जाऊ. पायवाट आहे म्हणतात." "चालत एक पाऊल नाही. नर्स म्हणून सांगते." "मग नको," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना एक सांगितलं आणि आता स्वतःपुरता नियम बदलू? सुधीरला काय तोंड दाखवू?" सुधीर घाईने म्हणाला, "मी विसरलो ते सगळं." पण ते हलेनात. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला माणूस त्या गडाच्या पायथ्याशी पाण्यात बसून नाही म्हणत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आम्हाला कुस्कोला परतायचं होतं.

वहिनींनी त्यांच्यापुढे टॉवेल धरला. मग म्हणाल्या, "अंतोन, तुझा नियम किल्ला बघणाऱ्यांसाठी आहे ना? मग तू बघू नकोस. मी दाखवते."

किल्लेदार कुंडातून उठले. सकाळी बसमध्ये ते खिडकीकडे पाठ करून बसले. वर गेल्यावर वहिनी पुढे आणि ते मागे, हात पाठीशी बांधून. "हा पाट बघ, डोंगरातून आणलाय. ही कुंडं. वरचं भरलं की खालच्यात." "हं," किल्लेदार म्हणत. वहिनींनी एका देवळाला स्वयंपाकघर म्हटलं, कोठाराला शाळा म्हटलं आणि पहारेकऱ्यांच्या खोपटात राजाला झोपवलं. हुलिओने तोंड उघडलं तर किल्लेदारांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. चूक दिसल्यावर गप्प राहणं या माणसाला जमतं, हे मला त्या दिवशी कळलं. हा किल्ला की शहर, हेही त्यांनी विचारलं नाही. शेवटी वहिनीच थांबून म्हणाल्या, "मला विचारशील तर शहर आहे." "असेल," किल्लेदार म्हणाले. हुलिओ पैज जिंकल्यासारखा हसला.

सिडनीला परतल्यावर लोक त्या प्रवासाबद्दल विचारत. एरवी तासभर बोलणारे किल्लेदार एवढंच म्हणत, "मी पाहिला नाही. मला हिने दाखवला. तिला विचारा." आणि आपण जाऊन खुर्ची आणत, वहिनींना बसवत आणि समोर बसून ऐकत. वहिनींच्या हकिगतीत राजा दर वेळी वेगळ्या खोलीत झोपे.

दशक सरत आलं तेव्हा एका दुपारी, कामावरून घरी आल्यावर, ते बसल्या जागी गेले. हृदय. आम्ही तेव्हा सिडनीतच क्वेकर्स हिलला राहायला गेलो होतो. लिंडाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, तशाच हातांनी गाडीत बसले. मला त्यांची माया होती आणि ती मी कधी बोलून दाखवली नाही, कारण ते समोर आले की वाद घालण्यातच वेळ जाई. दफनानंतर काही दिवसांनी मी वहिनींकडे गेले. लिंडाने चहा केला. वहिनींनी कप घेतला.

"आख्खं आयुष्य हा लोकांना किल्ले दाखवत फिरला, नीला," त्या म्हणाल्या. "त्याला कोणी दाखवलाच नव्हता गं. कधीच. त्या दिवशी बसमध्ये चढायच्या आधी मला हळूच विचारतो, 'मोना, सगळं दाखवशील ना? काही ठेवणार नाहीस ना?' अगदी शाळेतल्या पोरासारखा." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम हसायला लागल्या. "आणि मी काय म्हटलं, ठाऊक आहे? म्हटलं, आधी स्वेटर घाल."