कोनांचे, कोंबांचे आणि क्रियापदांचे फोटो

शिक्षकांच्या खोलीत किस्से जमवावे लागत नाहीत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "आज माझ्या वर्गात काय झालं माहितेय?" आणि भाजी गार होते. आमच्याकडे यातले निम्मे किस्से एका कॅमेऱ्याचे आहेत. ते मी इतक्यांदा सांगितलेत की माझ्या सुनेला पाठ आहेत. तरी सांगते.

शाळा सुरतेत, गोडादरा भागात, मराठी माध्यमाची, आठवीपर्यंत. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली, काही मराठवाड्याची, विदर्भाची. वडील कापडाच्या लूमवर नाहीतर बांधकामावर. निम्मी पोरं मला 'बाई' म्हणतात, निम्मी गुजरातीसारखं 'बेन', आणि घाईत असली की 'बाईबेन'.

माझ्या भावाने चांगला मोबाईल घेतला, तेव्हा त्याचा डिजिटल कॅमेरा कपाटात पडून राहिला. तो मी शाळेत नेला. आमचे आचार्य बोरसे सर (इथे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात) म्हणाले, "बाई, पोरं तोडतील."

"तोडू देत सर, घरचाच आहे."

"आणि नाही तोडला तर दिवसभर फोटो काढत बसतील." ही त्यांना जास्त मोठी काळजी होती.

*

पहिला प्रयोग गणितात केला. सहावीला कोन शिकवत होते. फळ्यावर काढलेले कोन सगळ्यांना ओळखता येत, पण फळा पुसला की कोनही डोक्यातून पुसले जात. म्हणून सांगितलं, शनिवार-रविवार दोघादोघांनी कॅमेरा घरी न्या, कोन शोधा, फोटो काढा.

शिड्या आल्या, कात्र्या आल्या, अर्धवट उघडलेली दारं आली. गणेश नावाच्या मुलाने आपल्या आजोबांचे दोन फोटो आणले होते. दोन्हींत आजोबा एका बाजूने, कमरेत वाकलेले. मी म्हटलं, "गणेश, यात कोन कुठला?"

"बाई, हा सकाळी उठल्यावरचा, काटकोन. हा उन्हात बसून आल्यावरचा, विशालकोन."

वर्ग हसला. मी कोनमापक आणून फोटोवर लावायला सांगितला. पहिला ब्याण्णव अंश भरला, दुसरा एकशे अठरा. आजोबांनी काय म्हटलं, विचारलं तर गणेश म्हणाला, "आजोबा बोलले, मना फोटू कसाले काढस रे? मी बोललो, गणिताले."

त्या वर्षी कोनांच्या प्रश्नात वर्गातल्या एकाचाही मार्क गेला नाही. मी हे बोरसे सरांना मुद्दाम दोनदा सांगितलं.

*

विज्ञानाला मूग पेरले होते. प्रत्येक गटाची एक कुंडी, आणि रोज सकाळी तिचा एकाच जागेवरून एक फोटो. आठ दिवसांनी फोटो ओळीने लावायचे आणि वाढ लिहायची.

लावता लावता मागच्या गटातली सपना म्हणाली, "बाई, प्रकाशचं झाड लहान झालं."

"झाड लहान कसं होईल?"

"शनिवारी चार पानं आहेत. सोमवारी दोन."

सगळा वर्ग त्या दोन फोटोंवर वाकला. खरंच, शनिवारी चार, सोमवारी दोन, आणि देठही बारीक. प्रकाश खाली मान घालून उभा. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने कुंडी घरी नेली होती. शेजारच्यांच्या शेळीने ती साफ केली. घाबरून त्याने आईच्या मोड आलेल्या मुगातला पानं फुटलेला एक कोंब लावून आणला होता.

मी रागावले नाही. म्हटलं, "जे झालं ते वहीत लिही." त्याने लिहिलं: 'सहावा दिवस. झाड शेळीने खाल्ले. नवीन झाड लावले. ते बाईंना सांगितले नाही. फोटोने सांगितले.'

तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या वह्या चाळल्या आणि त्या एका वहीपाशी थांबले. म्हणाले, "बाकीच्या वह्यांत मूग पुस्तकातल्यासारखा वाढलाय. या पोराने प्रयोग केलाय." प्रकाशने ती वही अजून ठेवली आहे. मला माहीत आहे, कारण मी अधूनमधून विचारते.

*

मराठीच्या तासाला क्रियापदं होती. 'माझी आई' यावर पाच वाक्यं लिहा म्हटलं, तर रोहनने पहिलंच वाक्य लिहिलं, 'माझी आई काही करत नाही, घरी असते.' तो काही वाईट मुलगा नाही. घरात तसंच बोललं जात असणार.

मी वाक्य तपासलं नाही. त्याला कॅमेरा दिला आणि सांगितलं, "उद्या सुट्टी आहे. आईला विचार आणि दर तासाला तिचा एक फोटो काढ. मग प्रत्येक फोटोखाली एक क्रियापद लिही."

सोमवारी तो आला. नऊ फोटो होते. पाणी भरते. पोळ्या लाटते. साडीला खडे चिकटवते. ही साड्यांची कामं आमच्याकडे घरोघर येतात. पुढच्या फोटोत पुन्हा खडे चिकटवते. बहिणीची वेणी घालते, आणि मांडीवर साडी तशीच. एका फोटोत ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली होती, हातात खड्यांची डबी. त्याखाली त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

"इथे क्रियापद?" मी विचारलं.

"झोपते लिहिलं होतं, मग पुसलं. आई बोलली, झोपले नव्हते, मोजत होते किती साड्या राहिल्या."

"मग 'मोजते' लिही."

त्याने लिहिलं. मग वही उघडून ते जुनं वाक्य काढलं आणि विचारलं, "बाई, 'काही करत नाही' हे क्रियापद खोडू का?"

*

आता बोरसे सरांचा. नागरिकशास्त्रात सार्वजनिक मालमत्तेचा धडा होता. सातवीच्या मुलींनी शाळेचेच फोटो काढले आणि वर्गाबाहेरच्या बोर्डावर लावले. त्यात पाण्याचे तीन नळ होते, त्यातल्या दोनांना चावी नव्हती.

सर तिथे थांबले. कपाळाला आठ्या. "बाई, हे काढा. बाहेरचं कोणी आलं तर काय म्हणेल?"

फोटो लावणारी नीलिमा तिथेच उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, बाहेरचं कोणी नाही आलं, तरी पाणी येत नाही."

सर निघून गेले. मला वाटलं, आता कॅमेरा बंद. पाच दिवसांनी प्लंबर आला. दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गात आले आणि मुलांसमोर म्हणाले, "तो कॅमेरा द्या जरा. कुठलं बटण दाबायचं?"

नवीन नळाचा फोटो त्यांनी स्वतः काढला. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे. तो त्यांनी जुन्या फोटोशेजारी लावायला सांगितला आणि खाली नीलिमाकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं: 'छायाचित्र: आचार्य.'

*

शेवटी वैशाली. ती आता नववीत आहे, दुसऱ्या शाळेत. गणितात वर्गात पहिली येते आणि निकाल लागला की आधी मला फोन करते.

आमच्याकडे सहावीत होती तेव्हा ती चौथ्या बाकावर बसायची आणि शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायची. प्रश्न विचारला की उभी राहायची, बोलायची नाही. तिच्या प्रगतिपत्रकावर सलग दोन वर्षं 'लक्ष देत नाही' असा शेरा होता. दुसऱ्या वर्षीचा माझ्या अक्षरात आहे.

चित्रकलेच्या तासाला जवळच्या वस्तू मोठ्या का दिसतात आणि लांबच्या लहान का, हे सांगत होते. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या जागेवर बसून फळ्याचा फोटो काढा, मग सगळे शेजारी ठेवून बघू. फळ्यावर सकाळपासूनचं सगळं तसंच होतं. तारीख, हजेरी, गणिताची दोन उदाहरणं, कोपऱ्यात मुलींनी लिहिलेला सुविचार.

कॅमेरा एकेका बाकावरून फिरत वैशालीकडे आला. तिने फोटो काढला. मग कॅमेरा पुढे देण्याऐवजी नाकाजवळ धरला आणि फोटो मोठा करायचं बटण दाबत राहिली. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मागचा बाक कुरकुरायला लागला, "वैशाली, दे ना." ती देईना. ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ती गणिताचं उदाहरण वाचत होती, एकेक आकडा. ते संपल्यावर तिने सुविचार वाचला. खालची मुलींची नावंसुद्धा वाचली.

मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाई, फळ्यावर रोज एवढं सगळं लिहिलेलं असतं?"