वाघमारे बाईंची कागदावरची दोन वर्षं

रविवारी सकाळी लोक पेपरात राशिभविष्य वाचतात; वाघमारे बाई परदेशातल्या शिक्षकांच्या नोकऱ्यांच्या अटी वाचायच्या. मोबाइल हातभर लांब धरून, वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात. "हं, हा देश म्हणतो, इंग्रजी मातृभाषा असणारेच हवेत. म्हणजे मी गेले. हा म्हणतो पंचावन्नच्या आत. परत गेले. आणि हा बघ, तरुण आणि उत्साही पाहिजे म्हणतोय. अर्धी तर आहे की मी!" मग स्वतःच एवढ्या मोठ्याने हसायच्या की समोरच्या इलाबेन दार उघडून विचारायच्या, "मॅडम, लागली काय नोकरी?"

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या आमच्या इमारतीत बाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर मामाकडे. म्हसळ्याजवळच्या गावातून बी.ए. होऊन आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पण मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' असं इंग्रजीत विचारलं की माझं तोंडच उघडायचं नाही. बाईंनी आठ महिने रोज संध्याकाळी मला समोर बसवून बोलतं केलं. फीचा विषय काढला तर म्हणाल्या, "समोर कुणी शिकायला बसलं नाही तर मला चहा गोड लागत नाही. तूच फी घे माझ्याकडून." त्यांचं एक वाक्य मी आजही ऑफिसात स्वतःला सांगतो : "बोल आणि चूक, लेकरा. गप्प बसलेल्याची चूक कुणी दुरुस्त करायची?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेने त्यांना निवृत्त केलं आणि बाईंचा वर्गच गेला. यजमान आधीच वारले होते. पुण्याची मुलगी फोनवर म्हणायची, "आई, आता आराम कर." बाई विचारायच्या, "आराम? तो कितवीचा विषय गं?" तीस वर्षं पुस्तकातून परदेश शिकवला, आता एकदा परदेशात जाऊन पुस्तक शिकवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. शिक्षकांचा ऑनलाइन कोर्स केला, पदवीवर शिक्के आणले, पोलिसांचा दाखला काढला. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. फक्त वय ऐकेना.

एकदा मात्र जवळजवळ जमलं. थायलंडच्या एका शाळेला साठच्या आतली शिक्षिका हवी होती आणि बाईंना एकोणसाठ पूर्ण झाली होती. पण कागदावर एकसष्ट! जवळच्याच बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या एजंटकडे मीच त्यांना घेऊन गेलो. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नाय घ्यायचं. अ‍ॅफिडेव्हिट बनवू, गॅझेटमध्ये टाकू, पासपोर्ट बदलून घेऊ. लोक खोटं वय कमी करतात, तुमचं तर खरं आहे."

बाई म्हणाल्या, "नको."

परत येताना मी चिडलोच. "बाई, खरं तेच तर लिहायचंय. एवढी धावपळ केली ती कशाला?"

रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाच्या गाडीपाशी त्या थांबल्या आणि तेव्हा मला सगळं कळलं. नांदेडकडच्या त्यांच्या वस्तीपासून शाळा दूर होती. थोरली बहीण एकटी जाईना, म्हणून वडील दोघींना घेऊन गेले. धाकटीचं वय भरत नव्हतं. गुरुजींनी दोघींना एकच तारीख लावली : एक जून. दोन वर्षांच्या अंतराच्या बहिणी कागदावर जुळ्या झाल्या. "अक्काची शाळा चौथीत सुटली, लग्न झालं. मी तिच्या तारखेवर शिकत राहिले. बी.ए. झाले, बी.एड. झाले, तुझ्यापुढे उभी राहिले. त्याच तारखेनं मला दोन वर्षं आधी घरी बसवलं, हेही खरं. पण आता कोर्टात जाऊन ती खोटी होती म्हणू? माझ्या तोंडून नाही यायचं ते, संतोष." एवढं बोलून त्यांनी ग्लास पुढे केला. "लिंबू जास्त पिळ रे भैया."

चार महिन्यांनी कंबोडियातल्या एका छोट्या गावच्या शाळेचं बाईंच्या अर्जाला उत्तर आलं. जाहिरातीत वयाचा उल्लेख नव्हता. प्रत्यक्ष वर्ग घेतानाचा व्हिडिओ मात्र हवा होता. आता वर्ग आणायचा कुठून? बाईंनी इमारतीच्या पार्किंगमध्ये फळा लावला. विद्यार्थिनी दोन : इलाबेन आणि जवळच्या खारी गावाहून मासळीची टोपली घेऊन येणारी पारूबाई. मोबाइल धरायला मी.

बाईंनी सुरमईकडे बोट दाखवून भाव विचारायला शिकवलं. पारूबाई म्हणाली, "सिक्स हंड्रेड!" मासे न खाणाऱ्या इलाबेन नाकाला पदर लावून म्हणाल्या, "टू मच! फोर हंड्रेड!" पारूबाई उसळली, "बाई, इंग्लिशमंदी शिवी हाय का न्हाय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "से, आय अ‍ॅम सॉरी, इट इज फ्रेश."

"सॉरी कशाला? मी काय केलं? इट इज फ्रेश! यू गो!"

हसण्याने मोबाइल माझ्या हातात गदगदा हलत होता. पुन्हा घेऊया म्हटलं तर बाई म्हणाल्या, "राहू दे. वर्ग असाच असतो."

पंधरा दिवसांनी तिथल्या मुख्याध्यापिकेने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. मासळीचा धडा म्हणे सगळ्या शिक्षकांनी दोनदा पाहिला होता. मग तिने वय विचारलं. बाई म्हणाल्या, "कागदावर एकसष्ट. तेच धरा." ती म्हणाली, "वयाचं काही नाही, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही." बाई हसल्या. "मी भाईंदरची आहे. आमची लिफ्ट चालू असते तो दिवस सण असतो."

निघताना इलाबेननी थेपल्यांचा डबा दिला. पारूबाईने सुकट आणली होती. ती विमानात नेणं योग्य की नाही, यावर दोघींचं मराठी-गुजरातीत जोरदार भांडण झालं. मी पाया पडलो. बाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर इंग्रजीत रड. तेवढाच सराव."

गेल्या आठवड्यात त्यांचा आवाज मोबाइलवर आला. मागे पोरांचा नुसता गलका. "संतोष, पहिल्या दिवशी मुलांना म्हटलं, माझं वय ओळखा. कुणी म्हणालं पन्नास, कुणी सत्तर. एक चिमुरडी उठून म्हणाली, पंचवीस! पोरगी हुशार आहे रे. तिला मी पुढच्या बाकावर बसवलंय."