वळणावरची झावळी

२०२३ साल. मी तेव्हा चौसष्टचा, पासपोर्टवर एकसष्टचा. हा फरक आमच्या मास्तरांचा. शाळेत घालताना त्यांनी अंदाजाने तारीख टाकली आणि तिसरीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, मग दुरुस्त कोण करणार? कतारला आलो तो हातातल्या पान्यावर आलो. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात केस पांढरे केले, आणि शेवटी उम्म सलालच्या पुढे एका अरबाबच्या मजऱ्यावर, म्हणजे कतारी मालकाच्या शेतावर, गाड्या सांभाळायला राहिलो. खजुराची झाडं, बकऱ्यांचा गोठा, पाण्याचे पंप आणि मागे मोकळी वाळू. त्या वाळूत अरबाबने आपली बग्गी, म्हणजे वाळूवर पळवायची उघडी गाडी, फिरवायला एक वाट आखून घेतली होती. वाटेच्या टोकाला मोठं वळण. पुढचं सगळं त्या वळणावर घडलं.

माझा जावई तिथेच ड्रायव्हर. मीच लावला होता त्याला. तो माझ्या बहिणीचा मुलगा, त्यामुळे लग्नानंतरही मला मामूच म्हणतो. आमच्या रत्नागिरीकडे जावई सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही, आणि भाचा मामासमोर बसतसुद्धा नाही. याला दोन्ही लागू. डबल कुलूप. मला त्याचा अभिमान होता. आजकालची पोरं बापाला 'ओके' म्हणून उडवतात, हा माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहायचा.

त्या थंडीत अरबाब कुठल्याशा बर्फाच्या मुलुखात जाऊन आला. आल्या आल्या फोन माझ्या नाकासमोर धरला. "शूफ, शूफ." बघ, बघ. बर्फावर चालणारी गाडी होती. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. वळणात अशी फिरत होती की जणू विळीवर मासा फिरवावा.

"मेरा बग्गी ऐसा क्यों नहीं घूमता?" अरबाब म्हणाला. "मैं घुमाता है, वो सीधा जाता है."

खरं होतं ते. बग्गीचं स्टिअरिंग वळवलं तरी नाक आपलं सरळच. मी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि फक्त त्या पुढच्या पट्ट्या पाहिल्या. त्या बर्फात दाबून बसत होत्या. माझा बाप होडीवाला. होडीत मागे माणसं जास्त बसली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर येते आणि होडी ऐकत नाही, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. मी म्हटलं, "सीधा बात है अरबाब. आगे वजन नहीं है. मैं बनाता."

"इंजिनियर को बुलाऊँ?"

"किसलिए?" मी म्हटलं.

तो हसला. पण मला ते लागलं, आणि त्या दिवसापासून ती बग्गी माझ्या इज्जतीचा सवाल झाली.

काम अवघड नव्हतं. शॉकअपच्या स्प्रिंगवर एक रिंग असते. आकड्यासारख्या पान्याने ती आवळली की स्प्रिंग दबते, गाडी त्या बाजूला उंच आणि कडक होते. सैल केली की खाली बसते. मी मागच्या रिंगा आवळल्या, पुढच्या सोडल्या. नाक खाली, पाठ वर. मग जावयाला म्हटलं, "जा, वळणावरून फिरवून आण."

तो गेला. मी शेडमध्येच थांबलो. माझी कंबर असल्या उड्या सोसत नाही, आणि गाडीत बसून बघायची मला गरज कधी पडली नव्हती. आवाजावरून कळतं. तो परत आला, हेल्मेट काढलं.

"झाली ना चांगली?"

"मस्त झाली मामू."

मस्त झाली म्हटल्यावर मी काय करणार? आपण बरोबर वाटेला आहोत, अजून थोडं पुढे जाऊ, असंच कुणीही समजेल. दुसऱ्या दिवशी मागे अजून एक फेरा आवळला. "झाली ना?" "मस्त, मामू." तिसऱ्या दिवशी अजून. अरबाबने स्वतः सावकाश एक चक्कर मारली आणि उतरून माझ्या पाठीवर थाप दिली. "वल्ला, घूमता है." पंपवाल्या दोन माणसांसमोर दिली, हे मला बरं वाटलं. मुलीला फोन करून सांगितलंसुद्धा.

एक गोष्ट मात्र दिसत होती. जावई वळणाकडे गेला की यायला उशीर करायचा. एकदा लांबून पाहिलं तर गाडी उभी आणि हा खजुराची सुकी झावळी घेऊन वाळूवरून ओढतोय, अंगण झाडल्यासारखी.

"हे काय नवीन?"

"वळण सपाट करतो मामू. खड्डे पडतात."

मला वाटलं, काय कामसू पोरगा.

गुरुवारी दुपारी अरबाब आला आणि म्हणाला, उद्या जुम्याच्या नमाजानंतर त्याची मुलं येणार. धाकट्याला शेजारी बसवून जावयाने जोरात फिरवायचं, त्या बर्फावरच्या गाडीसारखं. "तमाम?" मी म्हटलं, "तमाम." जावई तेव्हा वळणावरच होता. अरबाबने त्याला फोन करून गेटवर बोलावून घेतलं, कसलं तरी सामान उतरवायला. तो गाडी तशीच शेडला लावून धावत गेला.

मी सहज पाय मोकळे करायला वळणापर्यंत चालत गेलो. झावळी बाजूला पडलेली. वाळू झाडलेली नव्हती.

सरळ वाटेवर चाकांच्या दोन रेघा होत्या, जशा असायच्या तशा. वळण सुरू झालं तशी बाहेरची रेघ खोल होत गेली आणि आतली फिकट. मग आतली नाहीशीच झाली. एखादी खाट मावेल एवढ्या अंतरात आतल्या बाजूला कोरी वाळू, बकरीचं पाऊलसुद्धा नाही. आणि पुढे एकदम घमेल्याएवढा खड्डा, जिथे चाकं हवेतून परत खाली आपटली होती.

मी तिथेच खाली बसलो. उन्हाने नाही. गाडी दोन चाकांवर गेली होती. अजून थोडा जोर लागला असता तर उलटली असती, आणि हे आजचं नव्हतं. झावळी किती दिवस फिरत होती ते मला माहीत होतं. बग्गीला लोखंडी पिंजरा असतो, पण आतल्या माणसाची मान काही लोखंडाची नसते. माझ्या मुलीच्या मांडीवर तेव्हा सहा महिन्यांचं मूल.

तो आला. मी कुठे बसलोय ते पाहून त्याची चाल मंद झाली.

"हे काय?" मी रेघेकडे बोट दाखवलं.

त्याने झावळीकडे पाहिलं.

"तोंड शिवलंय?"

"मामू, जोरात घेतली की आतलं चाक उचलतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि मला मस्त मस्त बोलत होतास? मी रोज विचारत होतो ना तुला?"

त्याने पायाने वाळू उकरली. मग खाली बघतच बोलला, आवाज न चढवता. "तुम्ही विचारत होता, 'झाली ना चांगली?' त्याला मी काय सांगायचं? पहिल्या दिवशी चांगलीच झाली होती. तिथेच थांबायला हवं होतं."

"मग थांबा बोलायचं."

"तुम्हाला?"

एवढा एकच शब्द बोलला तो, आणि मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"मग हे झाडत कशाला होतास?"

"तुम्ही चालत इकडे आलात तर दिसेल म्हणून. तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्यापेक्षा मी सांभाळून चालवत होतो."

"उद्या त्या पोराला घेऊन कशी सांभाळणार होतास?"

"अरबाबने आत्ताच गेटवर सांगितलं मामू. उपाय सुचला नाही."

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. राग त्याचा आला नव्हता, तरी निघाला त्याच्यावरच. मी म्हटलं, "गाडी ठीक आहे. तुला चालवता येत नाही." आणि पुढे चालू लागलो. तो मागून आला, माझ्या सावलीवर पाय न देता. त्याची ती सवय लहानपणापासूनची. त्या दिवशी मला ती नकोशी झाली.

मुलगी जवळच, उम्म सलालला राहायची. गुरुवारी मी तिच्याकडे जेवायला असायचो. तिने बांगड्याचं सार केलं होतं. आम्ही दोघं एका दस्तरख्वानावर बसलो आणि एक शब्द बोललो नाही.

"काय झालं तुम्हाला दोघांना?" मुलीने विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"अब्बा, यांचा खांदा बघितलात? निळा पडलाय. दरवाजा लागला म्हणतात. दरवाजा लागून असा पट्ट्यासारखा वळ उठतो का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने भात पुढे ओढला. बग्गीतला खांद्याचा पट्टा मला माहीत होता. गाडी आपटली की तो नेमका तिथेच चावतो. मुलगी माझ्या ताटात अजून एक तुकडी वाढत होती आणि म्हणत होती, "तुमची गाडी लय भारी झाली म्हणतात. तुमच्यासारखा कारागीर नाही म्हणतात." पोराने घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. बायकोसमोर सासऱ्याची बाजू राखायला स्वतःचा खांदा लपवत होता.

तो चुकलाच, हे मी आजही म्हणतो. मशीनपुढे मामा-भाचा नसतो. पण 'झाली ना?' असं विचारणारा मी, आणि ते विचारताना माझा चेहरा कसा असतो ते मला आरसा कधी सांगणार नव्हता. माझ्या बापालाही होडीत कुणी 'डावीकडे खडक आहे' असं पटकन सांगत नसे. एकदा आम्ही आपटलोही होतो. तेव्हा मी लहान, आणि खडक मला दिसला होता.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाली तशी मी मजऱ्यावर गेलो. थंडी होती, पाना हाताला गार लागत होता. मागच्या रिंगा पहिल्या दिवसाच्या खुणेपर्यंत सोडल्या, आणि वर अजून थोड्या. झावळी उचलून बकऱ्यांच्या गोठ्यात टाकली. जावई आला तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसून पट्टा आवळत होतो.

"मामू, तुमची कंबर."

"चालव."

वळणात त्याने सुरुवातीला सावकाश घेतली. मी म्हटलं, "हा काही माझा जनाजा नाहीये. चालव." मग त्याने घेतली. पोटातलं सगळं एका बाजूला गेलं, मी पिंजऱ्याला धरलं, पण चाक खालीच राहिलं. गाडी थांबली. 'झाली ना?' तोंडावर आलं होतं. ते गिळलं.

"काय वाटतं?" मी विचारलं, आणि मान दुसरीकडे केली.

त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मामू, मागून अजून कडक आहे. डावीकडून जास्त."

मी अरबाबला फोन लावला. म्हटलं, "आज नहीं. बुकरा, इन्शाल्ला." आयुष्यभर हे 'बुकरा', म्हणजे 'उद्या', मी दुसऱ्यांकडून ऐकत आलो होतो. पलीकडून तो काहीतरी बोलत होता, इंजिनियर हा शब्द दोनदा आला. मी ऐकून घेतलं, फोन खिशात घातला, आणि पाना घेऊन डाव्या चाकापाशी वाळूत गुडघे टेकले.