आत्याबाई थेंब मोजतात

आमच्या ह्यांच्या आत्या अडुसष्ट वर्षांच्या आणि त्यांची गाडी साठ वर्षांची. दोघींपैकी जास्त कोण कुरकुरतं यावरून घरात दोन तट आहेत.

घरामागे पत्र्याच्या छपराखाली आत्याबाईंचं गॅरेज आहे. तिथे फक्त जुन्या गाड्या येतात आणि आल्या आल्या त्यांच्या तेलाची परीक्षा होते. आत्याबाई इंजिनातली तेलाची काडी ओढून काढतात, टोक खाली करून धरतात आणि थेंब सुटेपर्यंत मोठ्यानं मोजतात. पाचच्या आत थेंब पडला की गाडीच्या मालकाची धडगत नसते.

"जुन्या इंजिनात फटी मोठ्या. तिथे दाट तेलच टिकतं," त्या सुनावतात. "नव्या इंजिनाच्या फटी केसाएवढ्या, त्यांना पातळ तेल ठीक आहे. म्हातारीला बाळाचं झबलं घालाल का?"

घरच्या माणसानं भरलेल्या तेलाचा थेंब मात्र त्या मोजत नाहीत. म्हणतात, घरात परीक्षा घ्यायची नसते.

यंदा त्यांच्या हाताला कंप सुटला आणि गॅरेज बंद करा म्हणून मी धोशा लावला. आमची नऊ वर्षांची लेक सारखी तिथेच असते. जॅकवर चढवलेली गाडी आणि तिच्या शेजारी आमचं रत्न, हे पाहून माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. शेवटी पैज लागली. रविवारी आत्याबाईंनी आपल्या गाडीतून आम्हा सगळ्यांना टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं. वाटेत गाडी बंद पडली तर गॅरेजला कुलूप. ते कुलूप मी शनिवारीच आणून पर्समध्ये टाकलं होतं.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये डोकावले. आत्याबाईंनी जुनं तेल काढून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट घट्ट केला होता, तेल भरायच्या तोंडात नरसाळं ठेवलं होतं आणि त्या हात धुवायला गेल्या होत्या. शेजारी दाट तेलाचा डबा होता. कळकट, पोचे आलेला. याच्या भरवशावर माझी मुलगी टेकडी चढणार? आमच्या नव्या गाडीसाठी आणलेलं उंची तेल फळीवर होतं. सोनेरी डबा, पाण्यासारखं नितळ. मी ते सगळं ओतलं आणि कळकट डबा आत्याबाईंच्या गाडीच्या डिकीत लपवला.

"तेल भरलंय हं!" मी म्हटलं.

"तू? माझ्या गाडीत?" आत्याबाई इतक्या खूश झाल्या की पातळी तेवढी पाहिली आणि काडी परत खुपसली. थेंब मोजला नाही.

अर्धी टेकडी मजेत गेली. लेक खिडकीतून ओरडत होती, हे गात होते, तेही बेसूर. एकाएकी आत्याबाईंनी मान तिरकी केली.

"गप्प बसा सगळे!"

आम्हाला काही ऐकू येईना. पण तेलाच्या प्रेशरचा काटा लटपटत खाली यायला लागला होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, काडी काढली.

"ए..."

एकातला क पण झाला नाही, थेंब बुटावर!

"गरम तेल लवकर पडतंच, पण हे पाणी आहे पाणी! सूनबाई, काय ओतलंस?"

मी सगळं कबूल केलं. हे हसून खालीच बसले. "जिंकायला एवढा घाट घातलास?"

"आई, तू आजीला फसवलंस?" लेकीनं विचारलं.

"देवाशप्पथ नाही! चांगलं होतं म्हणून... आमच्या गाडीचं होतं गं ते!"

आत्याबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "स्वतःच्या गाडीच्या तोंडचा घास काढून माझ्या म्हातारीला भरवलास होय! बरं, माझा डबा कुठंय?"

"डिकीत. लपवलाय."

"लपवलास म्हणून वाचलो!"

इंजिन निवल्यावर आत्याबाई सतरंजी टाकून गाडीखाली शिरल्या. चेंबरखाली घमेलं मी धरलं. बोल्ट सोडवताना त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. माझे दोन्ही हात मात्र लटलटत होते आणि कोपरापर्यंत तेलानं माखले होते. मग तो कळकट डबा मीच रिकामा केला. मधासारखी जाड धार, संपता संपेना.

"पण गाडी बंद पडली ना?" ह्यांनी काडी टाकलीच.

"पडली कुठे?" मीच कडाडले. "त्यांनी बंद केली! काट्याच्या आधी त्यांना कळलं!"

टाकीपाशी पोचल्यावर मी पर्समधून कुलूप काढून आत्याबाईंच्या हातात ठेवलं. आता ते तेलाच्या कपाटाला असतं. किल्ली लेकीकडे असते आणि आईला द्यायची नाही अशी तिला सक्त ताकीद आहे.